आणीबाणीनंतरचा रोजगार हमी कायदा: वजन कुणाचं, हे कसं शोधाल?

माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘आणीबाणी उठली आणि गरिबांना कामाचा हक्क मिळाला.’ मार्गदर्शकांनी त्यावर लाल रेघ मारली. तुम्हीही असं वाक्य लिहिणार असाल, तर आधी तारखा मांडून बघा.

१९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून योजना सुरू झाली. तिच्या पैशासाठी व्यवसाय कर आला १९७५मध्ये, आणीबाणीच्या आधीच. मार्च १९७७मध्ये आणीबाणी संपली, त्याच वर्षी विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ला तो लागू झाला. म्हणजे आणीबाणीनंतर नवीन काय मिळालं? योजना आधीच होती. तिचा हक्क झाला. पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता.

आता पुढचा प्रश्न. व्यवसाय कराचा मोठा भार मुंबई-पुण्याचे पगारदार, व्यापारी आणि उद्योग यांच्यावर. मग त्यांनी हे चालू कसं दिलं? एक उत्तर असं देतात की दुष्काळी माणसांचे लोंढे शहरात येण्यापेक्षा गावातच काम दिलेलं परवडतं. उत्तर पटतं, पण ‘फायदा झाला’ म्हणजे ‘दबाव टाकला’ असं होत नाही. विज्ञानात आपण सहसंबंधाला कारण म्हणत नाही ना? तोच नियम इथंही.

माझ्या मते वजनदारांचा प्रभाव शोधायचा तर कायदा झाला की नाही, इथं थांबू नका. मजुरी किती आणि काम कुणाच्या जमिनीवर, हे बघा. १९८८मध्ये हमीची मजुरी वाढली आणि त्यानंतर कामाचे दिवस झपाट्यानं घटले. बागायतदारांना महाग मजूर नको होते म्हणून? असेल. पण त्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता. दोन्ही कारणं वेगळी करता आली पाहिजेत. पुढं १९९०पासून फळबाग लागवड हमीशी जोडली गेली. मजुराला मजुरी मिळाली, पण बाग उरली जमीनवाल्याकडे.

जुन्नर-आंबेगाव ही तुलनेला उत्तम जागा. पूर्वेला कालव्याचं पाणी, ऊस, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने. पश्चिमेला महादेव कोळी आणि ठाकरांची डोंगरी गावं, भात आणि हिरडा. तिथं गरज पडकईची, म्हणजे उतारावर बांध घालून भातखाचरं करण्याची. तालुका एक, कायदा एक. मग कोणती कामं मंजूर झाली आणि कोणती अडली, हे वर्षवार मांडा.

तक्ता तयार झाला की मगच ‘अभिजन’ हा शब्द वापरा. तोवर माझ्यासारखी लाल रेघ ठरलेली!