पदमुक्ती भरपाई, कंपनी अधिकाऱ्यांची

व्यवस्थापकीय संचालक, मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा त्यांच्या बरोबरीचा वरिष्ठ अधिकारी मुदतीआधी पदावरून गेल्यास कंपनीने त्याला काय द्यावे हे ठरवणारा करार, तसेच त्यापोटी दिली जाणारी रक्कम. व्यवहारात ‘सेव्हरन्स’ हाच शब्द रूढ आहे. कंपनीची मालकी बदलल्यावर मिळणाऱ्या अशा घसघशीत रकमेला ‘गोल्डन पॅराशूट’ म्हणतात. ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी आणि शिल्लक रजेचा पगार ही आधीच कमावलेली देणी असल्याने त्यांचा समावेश यात होत नाही.

स्वरूप : भरपाईचे कलम नियुक्तीच्या करारातच असते किंवा निघताना वेगळा करार होतो. ठरावीक महिन्यांचा पगार, मुदतीआधी हाती येणारे शेअर-विकल्प, गोपनीयतेची हमी आणि परस्परांवरील दावे सोडून देणे हे त्याचे नेहमीचे घटक. स्पर्धक कंपनीत न जाण्याची अटही अनेकदा घालतात. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सुटल्यानंतर ती सहसा टिकत नाही. करारातील कळीचा भेद ‘दोषाविना’ आणि ‘दोषामुळे’ झालेल्या पदमुक्तीचा. दोष ठरल्यास भरपाई जाते, कधी दिलेला बोनसही परत मागितला जातो. जानेवारी २०१९ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी अहवालानंतर आयसीआयसीआय बँकेने आपल्या माजी मुख्य कार्यकारी अधिकारी चंदा कोचर यांची मुदतपूर्व निवृत्ती ‘दोषामुळे पदमुक्ती’ मानली आणि एप्रिल २००९ पासूनचे बोनस परत मागितले.

भारतीय कायदा : कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम २०२ पद गमावल्याची भरपाई फक्त व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक व व्यवस्थापक यांना देऊ देते, इतर संचालकांना नाही. उरलेली मुदत किंवा तीन वर्षे, यांपैकी जो काळ कमी, तेवढ्या काळाचा मोबदला ही कमाल मर्यादा. हिशेब मागील तीन वर्षांत प्रत्यक्ष मिळालेल्या मोबदल्याच्या सरासरीवर होतो. पाच वर्षांसाठी नेमलेला, वर्षाला सरासरी २ कोटी रुपये घेणारा व्यवस्थापकीय संचालक दोन वर्षांनी दूर केला, तर त्याला जास्तीत जास्त ६ कोटी मिळू शकतात. चार वर्षांनी केला, तर २ कोटी. स्वतःहून राजीनामा, पदास अपात्र ठरणे, विश्वासघात, कारभारातील गंभीर हयगय किंवा आपली पदमुक्ती आपणच घडवून आणणे या परिस्थितींत काहीही देता येत नाही. पदमुक्तीपूर्वी किंवा नंतरच्या बारा महिन्यांत कंपनी गुंडाळण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि भागधारकांचे भांडवल परत करण्याइतकी मालमत्ता उरत नसेल, तरीही रक्कम देता येत नाही. उद्योग किंवा शेअर हस्तांतरित होताना संचालकाला द्यावयाच्या भरपाईसाठी कलम १९१ नुसार तपशील उघड करून सर्वसाधारण सभेची मान्यता घ्यावी लागते.

कलम २०२ च्या मर्यादा संचालक मंडळाबाहेरील अधिकाऱ्याला, उदाहरणार्थ संचालक नसलेल्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला, लागू होत नाहीत. तेथे रकमेला लगाम घालण्याचे काम मंडळाच्या कार्यपद्धतीवरच येते.

संचालक मंडळाची जबाबदारी : कलम १६६ नुसार संचालकाने सद्भावनेने, वाजवी काळजी घेऊन आणि स्वतंत्र निर्णयबुद्धीने वागावे लागते. सूचीबद्ध कंपनीत कलम १७८ खालील नामनिर्देशन व मोबदला समिती मोबदल्याचे धोरण सुचवते. नेमणूक करतानाच, अधिकारी एका, दोन वा चार वर्षांत गेला तर प्रत्येक वेळी एकूण किती द्यावे लागेल याचा तक्ता समितीपुढे असणे ही चांगली पद्धत मानली जाते.

डिस्ने खटला : हा या विषयावरील सर्वांत तपशीलवार न्यायनिर्णय. ऑक्टोबर १९९५ मध्ये वॉल्ट डिस्ने कंपनीत मायकेल ओव्हिट्झ अध्यक्ष झाले. त्यांना आणणारे मुख्य कार्यकारी अधिकारी मायकेल आयझनर त्यांचे जुने मित्र होते. मोबदला समितीच्या २६ सप्टेंबर १९९५ च्या सुमारे तासाभराच्या बैठकीत इतर विषयांबरोबर कराराच्या अटी संमत झाल्या. पूर्ण मसुदा सदस्यांपुढे नव्हता. डिसेंबर १९९६ मध्ये ओव्हिट्झ यांना ‘दोषाविना’ दूर करण्यात आले आणि सुमारे चौदा महिन्यांच्या कामानंतर त्यांना जवळपास १३ कोटी डॉलर मिळाले. त्यांतील मोठा भाग ३० लाख शेअर-विकल्पांचा होता. भागधारकांच्या दाव्यावर अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या चान्सरी न्यायालयात ३७ दिवस सुनावणी झाली, २४ साक्षीदार तपासले गेले. न्यायाधीश विल्यम चँडलर यांनी ऑगस्ट २००५ मध्ये संचालकांची वागणूक आदर्श पद्धतीपेक्षा बरीच उणी असल्याचे नमूद केले, पण त्यांना जबाबदार धरले नाही. जून २००६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. रक्कम डोळ्यांत भरणारी असली, तरी केवळ तेवढ्यावरून कर्तव्यभंग ठरत नाही. मात्र कर्तव्याकडे जाणूनबुजून पाठ फिरवणे हा सद्भावनेचा भंग होय, असे सूत्र त्यातून पक्के झाले.

इन्फोसिस प्रकरण : १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या कंपनीचे मुख्य वित्त अधिकारी राजीव बन्सल ऑक्टोबर २०१५ मध्ये गेले. ते संचालक नव्हते. त्यांना २४ महिन्यांच्या पगाराइतके, १७.३८ कोटी रुपये देण्याचे ठरले. सुमारे ५ कोटी दिल्यावर कंपनीने उर्वरित रक्कम रोखली. संस्थापक नारायण मूर्ती यांनी या रकमेवर जाहीर आक्षेप घेतला. मंडळाने गैरप्रकाराचा आरोप नाकारला. सप्टेंबर २०१८ मध्ये लवादाने १२.१७ कोटी व व्याज देण्याचा आदेश दिला. समित्यांच्या पूर्वमान्यतेतील त्रुटींबाबत २०१९ मध्ये सेबीशी सुमारे ३४ लाख रुपयांत तडजोड झाली. ऑगस्ट २०१७ मधील मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का यांच्या राजीनाम्याशी या वादाचा संबंध कितपत, याविषयी मतभिन्नता आहे.

इतर देश : स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१३ च्या सार्वमतात सुमारे ६८ टक्के मतदारांनी सूचीबद्ध कंपन्यांतील अशा रकमांवरील बंदीला कौल दिला. अमेरिकेत १९८४ पासून मालकीबदलाशी निगडित जादा भरपाईवर २० टक्के विशेष कर आहे. ब्रिटनमध्ये संचालकाच्या भरपाईस भागधारकांची मान्यता लागते.