हुजूर दफ्तराची राखण

राज्याचें रक्षण किल्ल्यांनीं होतें. परंतु राज्यानें दिलेल्या वचनाचें रक्षण कागदांनींच होतें. पुण्याच्या हुजूर दफ्तराचा इतिहास या गोष्टीची साक्ष देतो.

पेशवाईंत या दफ्तराचीं मुख्य अंगें दोन. फडणिसांच्या नजरेखालीं चालणारें तें चालतें दफ्तर. आणि सर्व हिशेबांचे गोषवारे राखणारें तें एकबेरीज दफ्तर. दिलेली सनद, सुटलेला हुकूम, खर्चिलेला पैसा यांची रोजकीर्दींत तारीखवार नोंद होई. पुढें बाबवार खतावणी निघे. एकच रक्कम दोन ठिकाणीं उमटली म्हणजे लबाडी लपणें कठीण. काम संपलेले कागद रुमालांत बांधून ठेवीत.

नाना फडणीस १८०० सालीं वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत कारकून जवळजवळ उठले, आणि लोक कागद घरीं नेऊं लागले तरी कोणी हटकीना. शत्रूची तोफ न लागतां दफ्तर आंतूनच खचलें. १८१८ नंतर एल्फिन्स्टनचा सहायक मॅक्लिऑड यानें उरलेल्या कागदांची व्यवस्था लावली.

पुढें १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशन बसलें, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कागदानें शाबीत करण्याची पाळी आली. गहाळ झालेल्या एका पानाची किंमत तेव्हां इनामदारांस कळली!

जें वांचलें त्यांतूनच गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. कुलूप दाराला असतें. दफ्तराचें खरें कुलूप मात्र रोजची नोंद आणि कागद नेणाऱ्यास हटकणारा कारकून हेंच होय.