सरफोजीराजांचे नेत्रवैद्यक आणि विखुरलेला प्रकाश

कुंभकोणजवळील गोविंदपुरम् येथे बोधेंद्र सरस्वतींच्या अधिष्ठानाचे दर्शन घेऊन तेथील विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरात शिरणाऱ्या मराठी माणसास आपण पंढरीपासून फार दूर आहोत, असे वाटत नाही. कावेरीकाठच्या या प्रदेशावर सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी मराठी राज्य स्थापिले. त्या राज्याच्या भक्तीचे आणि कलांचे गुणगान आपण नेहमीच करतो. त्याच्या शास्त्रप्रेमाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांची सत्ता कंपनी सरकारने जवळजवळ किल्ल्यापुरतीच ठेवली होती. परंतु त्यांची जिज्ञासा कोणास संकुचित करता आली नाही. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र नांदले. तेथील नेत्ररुग्णांची टिपणे आणि त्यांसोबतची रंगीत नेत्रचित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. त्यांत मोतीबिंदूचे रुग्ण पुष्कळ आहेत. बुबुळामागे पांढुरके पटल दिसते, ते चित्रकाराने टिपले. पण ते पांढरे का, याचे उत्तर त्या काळी जगात कोणापाशीच नव्हते.

ते उत्तर प्रकाशाच्या विकिरणात, म्हणजे विखुरण्यात होते. याच कावेरीकाठी, तिरुचिरापल्लीस, १८८८ साली जन्मलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ज्या विषयास आपले आयुष्य वाहिले, तोच हा विषय. नेत्रभिंगाचा सुमारे एकतृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. ती दाटीने पण सुव्यवस्थित राहतात, म्हणून भिंग पारदर्शक असते. ती एकमेकांस चिकटून पुंजके करू लागली, की चित्र पालटते. दहा सूक्ष्म कण एकत्र आले, तर तो पुंजका एका कणाच्या दसपट नव्हे, शंभरपट प्रकाश विखुरतो. भिंग दुधाळ दिसते, ते यामुळेच.

हेच विखुरणे पुढे मापनाचे साधन झाले. द्रवातील कण सतत चळवळत असल्यामुळे त्यांवरून परतणारा लेसर-प्रकाश लुकलुकतो. लहान कण चपळ, मोठे मंद. म्हणून लुकलुकण्याच्या गतीवरून कणांचा आकार कळतो. १९७३ साली तोयोइची तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने जेलचा, म्हणजे चायनाग्रासच्या वडीप्रमाणे द्रव धरून ठेवणाऱ्या रेणूंच्या जाळ्याचा, अभ्यास केला. १९७५ साली तनाका व जॉर्ज बेनेडेक यांनी ती रीत अखंड नेत्रभिंगास लावली. पुढे २००८ साली अमेरिकेतील राष्ट्रीय नेत्रसंस्था आणि नासा येथील संशोधकांनी, प्रथिनांना चिकटू न देणाऱ्या अल्फा-क्रिस्टॅलिनची घट मोतीबिंदू दिसण्यापूर्वीच मोजता येते, हे दाखविले.

मोतीबिंदू विरघळविणारे सिद्ध औषध अद्याप नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. म्हणूनच रोग आधी ओळखण्याचे मोल मोठे. राज्य नावापुरते उरले असताना सरफोजीराजांनी रुग्णाचा डोळा काळजीपूर्वक पाहून त्याची नोंद ठेवविली. आज प्रयोगशाळेत लेसरच्या साहाय्याने होते, तेही मूलतः तेवढेच. परमुलुखात वसलेल्या आपण मराठी कुटुंबांनी देवघराबरोबर हा वारसाही मुलांच्या हाती द्यावा, आणि तंजावरास गेल्यास मंदिराइतक्याच श्रद्धेने त्या ग्रंथालयाचा उंबरठा ओलांडावा.