दोन नोंदवह्या : राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार आणि सोलापूर जिल्हा

प्रस्तावना

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या अधिकृत यादीत चित्रपटाचे नाव, भाषा, निर्माता, दिग्दर्शक आणि पुरस्काराचा विभाग यांची नोंद असते, जिल्ह्याची नसते. त्यामुळे महाराष्ट्रात या पुरस्कारांचा विचार झाला तो प्रामुख्याने ‘मराठी चित्रपट’ या एकाच मथळ्याखाली. ‘श्यामची आई’पासून ‘श्वास’पर्यंतचे अर्धशतक आणि त्यानंतरचे ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ हे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे मानकरी, असा तो आलेख मांडला जातो. तो चुकीचा नाही. परंतु त्यात मुंबई-पुण्याबाहेरचा प्रदेश बहुधा ‘ग्रामीण पार्श्वभूमी’ या शब्दांत गुंडाळला जातो. तीच यादी सोलापूर जिल्ह्यातून वाचली, तर वेगळे काही हाती लागते. विशेषतः २०१० ते २०१७ या वर्षांच्या पुरस्कारांत करमाळा, अकलूज आणि पंढरपूर या परिसराचे नाते पुनःपुन्हा दिसते. ते कोणत्या विभागांत दिसते आणि कोणत्या विभागांत दिसत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९५२ आणि १९५४

स्वातंत्र्यानंतर चित्रपटाकडे पाहण्याची शासनाची दृष्टी संमिश्र होती. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल दिला. १९५२ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा झाला. चित्रपटावर एका हाताने नियंत्रण ठेवावे आणि दुसऱ्या हाताने ‘चांगल्या’ चित्रपटास उत्तेजन द्यावे, अशी ही भूमिका होती. या दुसऱ्या हाताचे फळ म्हणजे १९५४ मध्ये सुरू झालेले शासकीय पुरस्कार. १९५३ च्या चित्रपटांसाठी दिलेले राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे पदक ‘महाबलिपुरम’ला मिळाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. संस्कार आणि मातृप्रेम यांच्या तुलनेत जमीन आणि सावकारी यांना शासनाने दुय्यम लेखले, असा अर्थ यातून काढता येईल. तो पूर्णतः निराधार नाही.

‘श्यामची आई’चा सोलापूर जिल्ह्याशी थेट संबंध नाही, ती कोकणची कथा आहे. मात्र तिचे लेखक साने गुरुजी यांच्या सार्वजनिक जीवनातील एक मोठी घटना याच जिल्ह्यात घडली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभले आणि मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावर दहा दिवसांनी ते सुटले. राष्ट्रीय पुरस्कारांच्या इतिहासाचे पहिले पान ज्या लेखकाच्या पुस्तकाने उघडले, त्याने सात वर्षांपूर्वी जातिभेदाविरुद्ध प्राण पणाला लावले होते. पुरस्कारप्राप्त चित्रपटाच्या आशयात मात्र त्या लढ्याला मध्यवर्ती स्थान नाही. गुरुजींची आई शासनाला मानवली; त्यांचे उपोषण पडद्यावर येण्यासारखे कोणाला वाटले नाही.

याच सुमारास सोलापुरात शासनाची आणखी एक नोंदवही बंद होत होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरविले होते. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी ही व्यवस्था अधिक विस्तृत झाली. मुंबई इलाख्यातील एक मोठी वसाहत सोलापूर शहरालगत होती. तारेच्या कुंपणातील या वसाहतीला लोक ‘सेटलमेंट’ म्हणत आणि त्या भागाच्या नावात तो शब्द आजही टिकून आहे. तेथे ठेवलेल्या समाजांत कैकाडीही होते. नाव, बोटांचा ठसा, नेमून दिलेली हजेरी, बाहेर जाण्यासाठी परवाना अशी ही नोंदपद्धती होती. सोलापूरच्या गिरण्यांना तेथून कामगार मिळत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. गुन्हेगार ठरविलेल्यांची नोंद बंद करणे आणि कलावंतांचा गौरव करण्यासाठी नवी नोंद उघडणे, या एकाच शासनाच्या दोन कृतींत अवघे दोन वर्षांचे अंतर आहे. या दोन नोंदवह्या एकमेकींना भेटायला मात्र साठ वर्षे लागली.

पुरस्कारांची दालने

पहिल्या वर्षी पुरस्कार चित्रपटाला होता, कलावंताला नव्हता. ‘श्यामची आई’मध्ये श्यामची भूमिका करणाऱ्या माधव वझे यांच्यासाठी यादीत जागाच नव्हती. दुसऱ्या वर्षापासून प्रादेशिक भाषांतील चित्रपटांना रौप्यपदके मिळू लागली. मराठीतील पहिले रौप्यपदक अत्रे यांच्याच ‘महात्मा फुले’ला मिळाले. अभिनेता व अभिनेत्री यांचे पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून, बालकलाकाराचा १९६८ पासून, दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा इंदिरा गांधी पुरस्कार १९८० पासून आणि सहायक अभिनेत्याचा १९८४ पासून सुरू झाला. हा तपशील रूक्ष वाटेल. परंतु पुढील विवेचनाचा तोच पाया आहे. मूळ वाडा एकदालनी होता आणि त्याला नंतर एकेक दालन जोडले गेले. सोलापूर जिल्ह्याचा प्रवेश झाला तो जवळजवळ सर्वच वेळा या नंतर बांधलेल्या दालनांतून.

सहायक अभिनेत्याचे दालन आधी उघडले. हरिभाई देवकरण प्रशालेचे विद्यार्थी आणि सोलापूरच्या ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेतून घडलेले अतुल कुलकर्णी यांना ‘हे राम’साठी (४७ वे पुरस्कार) आणि ‘चांदनी बार’साठी (४९ वे पुरस्कार) हा मान दोनदा मिळाला. दोन्ही चित्रपट मराठी नव्हते. तेलुगूभाषक विणकरांचा पूर्व भाग, कन्नडभाषक आणि मराठीभाषक वस्ती अशा तीन भाषांत नांदणाऱ्या गिरणगावाच्या कलावंताची नोंद मराठीबाहेरच्या रकान्यात व्हावी, यात नवल नाही. दिल्लीच्या यादीतले तीन स्वतंत्र भाषा-रकाने सोलापुरात एकाच बाजारपेठेत शेजारी नांदतात.

करमाळा तालुका

त्यापूर्वी सोलापूर रुपेरी पडद्यावर आले होते ते वीरपुरुषाच्या रूपाने. चीनमध्ये वैद्यकीय सेवा करताना १९४२ मध्ये निधन पावलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’चे नायक होते. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांनी ही परंपरा मोडली. करमाळा तालुक्यातील जेऊरचे आणि वडार समाजातून आलेले मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ या लघुपटात शाळेची ओढ असलेला, पण परिस्थितीने चोरीकडे ढकलला जाणारा मुलगा उभा केला. ५८ व्या पुरस्कारांत (२०१०) त्याला कथाबाह्य विभागातील पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. जन्माने गुन्हेगार ही जुनी शासकीय कल्पना येथे एका मुलाच्या दैनंदिन जगण्यातून तपासली गेली आणि ती तपासणी शासनानेच गौरविली.

याआधीच्या वर्षी, ५७ व्या पुरस्कारांपासून, निवडीसाठी प्रादेशिक मंडळे आणि त्यांवर मध्यवर्ती मंडळ अशी दोन टप्प्यांची पद्धत आली होती. छोट्या केंद्रांतील चित्रपटांना तिचा लाभ झाला असणे संभवते. परंतु केवळ पद्धतीतील बदलाने ‘फँड्री’ जन्मला नसता.

‘फँड्री’ हा शब्द कैकाडी बोलीतील असून त्याचा अर्थ डुक्कर. ही बोली द्राविडी कुळातील आहे. म्हणजे ‘मराठी चित्रपट’ म्हणून नोंदल्या गेलेल्या या कलाकृतीचे शीर्षकच मराठी नाही, आणि बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना त्याचा अर्थ विचारून घ्यावा लागला. गावाने डुकरे धरण्याचे काम ज्या कुटुंबावर लादले आहे, त्या कैकाडी कुटुंबातील शाळकरी जब्याची ही कथा. डुक्कर हाती लागण्याच्या क्षणी शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि पाठलाग करणारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. पुढे मारलेले डुक्कर काठीला बांधून नेले जाते, तेव्हा पाठीमागच्या शाळेच्या भिंतीवर समाजसुधारकांची चित्रे दिसतात. या प्रसंगांत भाषण नाही. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो.

जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातील केम या गावचा. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील हे गाव एरवी कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. त्याने पूर्वी अभिनय केलेला नव्हता. हलगी वाजविणारा हा मुलगा मंजुळे यांच्या नजरेस पडला. ३ मे २०१४ रोजी, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या प्रदर्शनदिनी, दिल्लीच्या विज्ञान भवनात ६१ वे पुरस्कार प्रदान झाले. अवघडे यांना सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार तमिळ चित्रपटातील बालकलाकारासह विभागून मिळाला आणि मंजुळे यांना पदार्पणाचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला. ज्या समाजाच्या माणसांची नावे हजेरीच्या वहीत लिहिली जात, त्या समाजातील मुलाची कथा सांगणाऱ्यांची नावे राष्ट्राच्या गौरवयादीत लिहिली गेली. या घटनेचे ऐतिहासिक मोल येथे आहे. पदक किती मोठे, हा त्यामानाने गौण प्रश्न.

गौण, परंतु अप्रस्तुत नव्हे. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान ‘आजचा दिवस माझा’ या चित्रपटाला मिळाला, ‘फँड्री’ला नाही. मंत्रालय आणि मुख्यमंत्री यांच्या परिघातील चांगुलपणाची ती कथा आहे आणि तिचा दर्जा नाकारण्याचे कारण नाही. तरीही दोन्ही चित्रपट आज शेजारी ठेवले असता परीक्षकांचा तोल कोणीकडे झुकला होता, हे लपत नाही.

पंढरपूर आणि अकलूज

पुढील दोन वर्षांत हा जिल्हा यादीतून हलला नाही. ६२ व्या पुरस्कारांत परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ तमिळ ‘काक्का मुट्टै’सह सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. पंढरपुरात यात्रेच्या गर्दीत बांगड्या विकून आपली सायकल वाचवू पाहणारी मुले त्यात आहेत. ६३ व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेल्या मकरंद माने यांच्या ‘रिंगण’मधील कर्जबाजारी शेतकरी आपल्या मुलासह पंढरपुरास येतो आणि देवाघरी गेलेल्या आईला तो मुलगा देवाच्या गावात शोधू लागतो. पंढरपूर म्हटले की संतपट, हे मराठी चित्रपटाचे जुने समीकरण होते. या दोन चित्रपटांतील पंढरपूर बाजाराचे, धर्मशाळेचे, उधारीचे आहे. भक्ती आहे, पण ती पोटापाण्यापासून अलग नाही.

त्याच ६३ व्या यादीत अकलूजच्या रिंकू राजगुरू यांचे नाव ‘सैराट’मधील अभिनयाच्या विशेष उल्लेखासाठी आले. पुरस्कारांची घोषणा मार्च २०१६ मध्ये झाली, चित्रपट २९ एप्रिलला प्रदर्शित झाला आणि ३ मे रोजी समारंभ झाला. म्हणजे शासनाची मोहोर आधी उमटली आणि लोकांची नंतर. पण लोकांची मोहोर इतकी ठळक निघाली की मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे तोवरचे उच्चांक मागे पडले. करमाळा परिसरातील विहिरी, उसाचे फड आणि उजनीचा जलाशय राज्यभर ओळखीचे झाले. या भागातील बोली, जी पूर्वी पडद्यावर विनोदी नोकराच्या वाट्याला येई, ती नायिकेच्या तोंडी आली आणि तिने कोणाची क्षमा मागितली नाही.

मानाचा हात

२०१७ च्या ‘पावसाचा निबंध’साठी मंजुळे यांना ६५ व्या पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान मिळाला. ३ मे २०१८ चा तो समारंभ वेगळ्याच कारणाने गाजला. राष्ट्रपतींच्या हस्ते अकराच पुरस्कार दिले जातील आणि उर्वरित पुरस्कार मंत्र्यांच्या हस्ते दिले जातील, असे आयत्या वेळी कळल्याने पन्नासहून अधिक मानकरी अनुपस्थित राहिले. हा रुसवा काहींना बालिश वाटला. परंतु प्रथमपासून या पुरस्काराचे वैशिष्ट्यच राष्ट्रपतींचे पदक हे होते. व्यवसायाचे वलय ज्यांच्यामागे नाही, त्यांच्यासाठी रकमेपेक्षा देणारा हात मोलाचा असतो. जी माणसे पिढ्यानपिढ्या शासनाला केवळ फौजदाराच्या रूपात ओळखत आली, त्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे.

पदार्पण, बालकलाकार, बालचित्रपट, विशेष उल्लेख, कथाबाह्य दिग्दर्शन, प्रादेशिक चित्रपट : जिल्ह्याशी निगडित या नोंदी एकत्र पाहता त्यांतील बहुतेक ‘पहिल्या’, ‘लहान’ किंवा ‘विशेष’ या विशेषणांच्या आहेत. कथाचित्रपटांचे सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन, प्रमुख अभिनय आणि सुवर्णकमळाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट या दालनांत करमाळ्याची वाट अद्याप पोहोचलेली नाही. यातून हेतुपुरस्सर अन्यायाचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ही दालने नसती तर सोमनाथ अवघडे यांच्यासाठी १९५४ च्या माधव वझे यांच्याप्रमाणेच यादीत जागा नसती. तथापि वंचितांच्या कथेकडे निरागस मुलाच्या डोळ्यांतून पाहणे मान्यतेच्या व्यवस्थेला सोयीचे जाते, हेही या यादीतून दिसते. जब्याचा दगड बालकलाकाराच्या विभागात स्वीकारला गेला. हाच दगड प्रौढ माणसाच्या हातात असता, तर तो कोणत्या विभागात बसला असता?

२३ सप्टेंबर २०२५ रोजी ७१ वे पुरस्कार प्रदान झाले. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या रकान्यात सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ होता. मंजुळे यांच्या निर्मितीसंस्थेचा ‘नाळ २’ बालचित्रपटाच्या रकान्यात होता आणि त्यातील तीन मुलांची नावे बालकलाकारांच्या यादीत होती.