'रन'ची धावसंख्या : 645

इंग्रजीतला सगळ्यात मोठा शब्द कोणता असं विचारलं की लोक ते लांबलचक वैद्यकीय शब्द आठवायला लागतात. अक्षरं मोजायची असतील तर ठीक आहे. पण डिक्शनरीत सगळ्यात जास्त जागा कोण अडवतं असं विचारलंत, तर उत्तर एकदम चिल्लर निघतं. वर्षानुवर्षं तो मान 'सेट'कडे होता. 1989 साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती आली, तीत 'सेट' या क्रियापदाचे 430 अर्थ होते आणि ते समजावून सांगायला तब्बल 60,000 शब्द खर्ची पडले होते. एक छोटी कादंबरीच म्हणा ना! मग नव्या आवृत्तीचं काम 'आर'पर्यंत आलं आणि 2011 मध्ये 'रन'ने 'सेट'ला मागे टाकलं. क्रियापद म्हणून 645 अर्थ.

हे काम पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने केलं. लागले नऊ महिने. एका क्रियापदाला नऊ महिने! आमच्याकडे तेवढ्या वेळात तीन रिलीज होतात आणि दोन मॅनेजर बदलतात.

आता 645 अर्थ म्हणजे नक्की काय? माणूस पळतो, नदी वाहते, नाक गळतं, कपड्याचा रंग जातो, रस्ता डोंगराच्या कडेने जातो, नाटकाचे प्रयोग होत राहतात, कुणी हॉटेल चालवतो, कुणी निवडणुकीला उभा राहतो, अंगात ताप असतो आणि आपण प्रोग्राम चालवतो. इंग्रजीत या सगळ्याला 'रन' एके 'रन'. त्यात 'रन इन्टू', 'रन ओव्हर', 'रन आउट', 'रन अप' ही शेपट्या लावलेली पिलावळ वेगळी. शेपटी बदलली की अर्थ पार दुसऱ्या गावाला.

शब्दाचा इतिहासही मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत मूळ रूप 'रिन्नन', पण बोलणाऱ्यांच्या तोंडात त्याचं 'इर्नन' झालं, म्हणजे 'र' आणि स्वर यांनी जागा बदलल्या. इंग्रज अडाणी होते असं समजू नका, आपणही 'नुकसान'चं 'नुस्कान' आणि 'चिकटणं'चं 'चिटकणं' करतोच की. पुढे उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतल्या सख्ख्या भावंडाने 'र'ला परत पुढे आणायला मदत केली. मधला 'उ'सारखा स्वर भूतकाळी रूपांतून वर्तमानकाळात घुसला. म्हणजे आजचा 'रन' हा बराचसा पॅच मारून मारून तयार झालेला कोड आहे.

आणि एक गंमत. आपल्याला वाटतं की आधी माणूस पळाला असेल आणि मग कुण्या कवीला नदी 'पळताना' दिसली असेल. पण जर्मनमध्ये याच घराण्यातलं 'रिनन' म्हणजे वाहणं, ठिबकणं, आणि 'रेनन' म्हणजे पळणं. पाण्याचा अर्थ पहिल्यापासूनच घरात होता, त्याला उपमा म्हणायचं कारण नाही.

645 हा आकडा ठरवतात कसा, हे मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. 1857 साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत या कोशाची कल्पना निघाली. 1879 मध्ये जेम्स मरे संपादक झाला. अंदाज होता दहा वर्षांचा. पाच वर्षांनी, 1884 मध्ये पहिला भाग आला तेव्हा गाडी 'अँट' या शब्दापर्यंत पोहोचली होती. (एस्टिमेट चुकण्याची परंपरा सॉफ्टवेअरच्या आधीची आहे, हे क्लायंटला सांगून बघायला हरकत नाही.) पहिली आवृत्ती पूर्ण झाली 1928 साली. मरे 1915 मध्येच गेला.

पद्धत अशी : जगभरातल्या वाचकांनी पुस्तकं वाचायची, शब्द वापरलेलं वाक्य चिठ्ठीवर उतरवायचं, खाली पुस्तकाचं नाव आणि साल लिहायचं, आणि चिठ्ठी धाडून द्यायची. मरेच्या बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये अशा लाखो चिठ्ठ्या होत्या. त्याची अकरा मुलं खाऊच्या पैशांसाठी त्या अक्षरवार लावायची. मग संपादक एका शब्दाच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून ढीग करत बसणार. ही 'मशीन चालणं'वाली, ही 'दुकान चालवणं'वाली. हे दोन ढीग एक करायचे की वेगळेच ठेवायचे? इथेच सगळी मारामारी. आपण ज्याला क्लस्टरिंग म्हणतो ते हे लोक हाताने करत होते. त्यामुळे 645 हा आकडा निसर्गात सापडत नाही, तो कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतं. दुसरा कुणी बसला असता तर 600 आले असते किंवा 700.

या चिठ्ठ्या आणि प्रुफांच्या कामात एक आपल्याकडून गेलेला माणूस होता, फिट्झएडवर्ड हॉल. जन्माने अमेरिकन. 1846 साली गंगेच्या मुखाशी त्याचं जहाज बुडालं म्हणून हिंदुस्थानात अडकला आणि इथेच संस्कृत शिकून बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवायला लागला. नंतर इंग्लंडमधल्या एका खेड्यात एकटा राहून वीसेक वर्षं रोज चार-चार तास तो या कोशाची प्रुफं तपासत होता. फुकट.

कोश कॉम्प्युटरवर आणायची कथा तर आपल्या धंद्यातलीच. 1984 साली प्रोजेक्ट सुरू झाला. 120 टायपिस्टांनी दीड वर्ष बसून सुमारे 35 कोटी अक्षरं टाइप केली. आयबीएमने मदत केली आणि कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठाने एवढ्या मोठ्या मजकुरात शोधायचं सॉफ्टवेअर लिहिलं. कुठे अर्थ संपतो, कुठे वाक्य सुरू होतं, कुठलं साल, सगळ्याला टॅग लावले. त्या टीममधला टिम ब्रे पुढे 1998 च्या एक्सएमएलच्या स्पेसिफिकेशनचा एक संपादक झाला. आपण ज्या एक्सएमएलला उठता-बसता शिव्या घालतो, त्याच्या वंशावळीत ही डिक्शनरी आहे.

बाकी कॉम्प्युटरवाल्यांनी 'रन'वर अपार प्रेम केलं. 1 मे 1964 च्या पहाटे चार वाजता अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात दोन टर्मिनल्सवर एकाच वेळी 'रन' टाइप केलं गेलं, आणि बेसिक भाषा सुरू झाली. टर्बो सीच्या त्या निळ्या स्क्रीनवरही मेनूत 'रन' होतंच.

'रन'चे एवढे अर्थ का वाढले? लेखक सायमन विंचेस्टरचं म्हणणं असं की हे यंत्रयुगामुळे झालं, रेल्वे आणि गिरण्या आल्या आणि 'रन'ला काम मिळत गेलं. पटतं, पण अर्धंच. कारण यंत्रं आपल्याकडेही आली आणि आपण पळालो नाही, चाललो. मशीन चालतं, घड्याळ चालतं, दुकान चालतं, सरकार चालतं, प्रोग्रामसुद्धा चालतो. फ्रेंच माणूसही यंत्राला चालणंच म्हणतो. मराठीत अस्सल 'धाव' एकाच ठिकाणी घेतली, ती क्रिकेटमध्ये. धावसंख्या, धावफलक, धावचीत. रेडिओवरच्या मराठी कॉमेंट्रीने हे शब्द असे रुजवले की ते भाषांतर आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि अर्थांच्या बाबतीत आपलं 'लागणं' काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, पिक्चर लागतो, बस लागते (दोन्ही अर्थांनी), आंबा गोड लागतो, पोरगं रडायला लागतं आणि शेवटी निकाल लागतो. एखाद्या गिलिव्हरला नऊ महिने कोंडून घातलं तर किती ढीग होतील, देव जाणे. मोल्सवर्थची 1857 ची आवृत्ती आहे, दाते-कर्वे यांचा 1932 ते 1938 मधला सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे आणि फेल्डहाऊस यांचा 1999 चा जुन्या मराठीचा कोश आहे. भक्कम कामं आहेत सगळी. पण 'पिक्चर लागणं' मराठीत पहिल्यांदा कुठल्या साली छापलं गेलं, हे त्यांत बघायची सोय नाही. जुनी वर्तमानपत्रं पिवळी पडून तुटतायत तशी ती चिठ्ठीसुद्धा कायमची जाते. मला याचा खरंच त्रास होतो.

ऑक्सफर्डच्या धर्तीवरचं काम पुण्यात चालू आहे, पण संस्कृतसाठी. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 साली डॉ. कत्रे यांनी ते सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून उतरवलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथे खणांत लावून ठेवल्या आहेत. तीसपेक्षा जास्त भाग छापून झालेत आणि ते सगळे अजून 'अ'मध्येच आहेत. 'चालणं' ज्याच्यापासून आलं तो 'चल्' धातू 'च'मध्ये आहे. 'लागणं'वाला 'लग्' तर त्याच्याही खूप पुढे.