जातं, चक्की आणि पऱ्हाटीची चूल

घर नव्या वळणाचं की जुन्या, हे ठरवायला आपण घरातली सगळ्यात नवी वस्तू शोधतो. २०११च्या जनगणनेनेही तेच केलं. रेडिओ, टीव्ही, फोन, संगणक, सायकल, मोटारसायकल आहे का, हे घरोघर विचारून घेतलं. या मापाने पांढुर्णा आणि सौंसर या मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखातलं घर मोजायला गेलं की घोटाळा होतो. छतावर डिशची थाळी, खिडकीत कूलर, आणि मागच्या अंगणात पावसापासून झाकून ठेवलेला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीग. यावरून लोक पटकन म्हणतात, नवेपण अर्ध्यावर येऊन थांबलं. मला तसं वाटत नाही. घरातलं एखादं काम यंत्राकडे केव्हा गेलं, हे इथे माणसांच्या हौसेवर किंवा शिक्षणावर फारसं ठरलेलं नाही. ते काम उंबऱ्याबाहेर नेता येत होतं का, यावर ठरलं.

सूतकताईपासून बघू. हा कापसाचा पट्टा. सरकी काढायची, पेळू करायचे, सूत काढायचं, हे सारं एकेकाळी घरचं काम. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द पांढुर्ण्यात जिनिंगचे कारखाने होते. सरकी काढणं घरातून गेलं, चरखाही गेला. त्यासाठी कुणाच्या घरात एकही यंत्र आलं नाही! घर आतून होतं तसंच राहिलं, पण त्यातलं एक मोठं काम सरलं. त्यानंतर गेलं दळण. जातं म्हणजे दिसायला दोन दगड, पण त्याची रचना बघण्यासारखी आहे. खालच्या तळीत मधोमध खुंटी, वरच्या तळीच्या तोंडात आडवी बसवलेली लाकडी माकडी, आणि कडेला हाताने धरायचा खुंटा. माकडी किती उचललेली, यावर पीठ जाड की बारीक हे ठरे. एका हाताने ओढायचं, दुसऱ्याने मुठीमुठीने वैरण घालायची. दगड गुळगुळीत झाला की दळण सरत नसे. मग टाकी लावणाऱ्याला बोलवायचं. या कामावर पोट भरणारे टाकणकार वऱ्हाडात होते, आणि रसेल व हिरालाल यांच्या १९१६च्या जातीविषयक ग्रंथात त्यांची नोंद आहे. आटाचक्कीला मात्र घरोघरी वीज लागत नाही. गावात एक इंजिन, त्याला एक पट्टा, आणि दारात डब्यांची रांग. धान्य डोक्यावरून नेता येतं, म्हणून दळण बाहेर गेलं.

विस्तव मात्र डोक्यावरून नेता येत नाही. भाकरी तव्यावरून ताटात गेली पाहिजे, तेव्हा चूल घरातच राहिली. आणि जे घरात राहिलं त्याला नवं व्हायचं तर बाहेरून रोज काहीतरी आत यावं लागतं: तार, नळ, सिलेंडर. पेंच-कन्हानच्या कोळसा खाणी याच छिंदवाडा मुलखातल्या. कोळसा एवढा जवळ असूनही सौंसरकडची चूल त्याच्यावर चालली नाही, ती शेतातल्या पऱ्हाट्या-तुराट्यांवर चालली. माल जवळ असणं निराळं, तो दर आठवड्याला स्वयंपाकघरात पोचणं निराळं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं गरिबीचं गणित, पैसा आला की चूल जाते. गरिबी खरीच; पण तेवढ्याने हिशेब लागत नाही. त्याच २०११च्या जनगणनेत देशातल्या ४७.२ टक्के घरांत टीव्ही होता, आणि स्वयंपाकाला गॅस वापरणारी घरं २८.६ टक्के होती. म्हणजे बऱ्याच घरांनी टीव्ही घेतला तेव्हा चूल लाकडावरच होती. टीव्ही एकदा घेतला की झालं, गॅसला दर खेपेला पैसे मोजावे लागतात; पऱ्हाटी फुकट. ती फुकट का, तर ती मोडून, मोळी बांधून, डोक्यावर आणणारीची मजुरी कुणी धरत नाही म्हणून. २०१६ला उज्ज्वला योजना आली आणि शेगडी घरात पोचली. पण महालेखापरीक्षकांच्या २०१९च्या अहवालात या लाभार्थ्यांचा वापर वर्षाला सरासरी तीन-साडेतीन सिलेंडरांच्या आसपासच दिसला. वस्तू आली, पुरवठा रुळला नाही. पाहुण्यांचा चहा गॅसवर, रोजच्या भाकरी चुलीवर, अशी ही वाटणी.

बाहेरून आत येणाऱ्या गोष्टी कुठून येतात, याचीही इथे एक गोष्ट आहे. १ नोव्हेंबर १९५६ला जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मागे राहिला, आणि त्याच्यासोबत पांढुर्णा-सौंसरही. तेव्हापासून विजेचा कारभार जबलपूरचा आणि बाजार नागपूरचा. २०२३मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी हे दुपेडीपण आहेच. ते शब्दांत उतरलं आहे. जातं, उखळ, पाटा, सूप ही नावं मराठी. आटाचक्की, टुल्लू पंप, बिजलीचं बिल, कंट्रोलचं राकेल ही हिंदी-इंग्रजीची सरमिसळ. घरातल्या कोणत्या वस्तू हद्द पडण्याआधीच्या आणि कोणत्या नंतरच्या, हे बऱ्याचदा नुसत्या नावावरून ओळखता यावं. (टुल्लू हे मुळात एका कंपनीचं नाव, हे आता कुणाच्या ध्यानातही नसतं.)

दुसरा आक्षेप चवीचा. पाट्यावरचा ठेचा, चुलीवरचं भरीत. लोकांना हेच आवडतं, म्हणून जुनं टिकलं. चव खोटी नाही. पण पंगतीचे रोडगे बघा: ते अजून गोवऱ्यांवरच भाजतात, पुष्कळदा पुरुषच भाजतात, आणि हौसेने भाजतात, कारण ते वर्षातून चारदा असतं. रोजच्या धुराला चवीचं नाव देणारा बहुधा ताटावर बसलेला असतो. तिसरं म्हणणं जास्त वजनदार आहे: यंत्राने काम कमी होत नाही, त्याची जात बदलते. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात अमेरिकी गृहिणींबद्दल हेच दाखवलं. इथेही चक्कीने दळण वाचवलं, पण डबा नेणं, रांगेत थांबणं आणि रोख पैसे लागणं आणलं. शिवाय गाणंही गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखावर आहेत. एवढं बोलणं बायकांनी दगडापाशी केलं, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. ते हरपलं याचं वाईट वाटावंच. तरी पहाटे तीन पायल्या ज्वारी दळायची की नाही, हे ज्यांनी दळली त्यांनाच विचारायला हवं, आणि चक्की सुरू होताच त्यांनी आपलं उत्तर पायांनी दिलं.

जातं मात्र फेकलं गेलं नाही. ते पडवीच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं असतं. लग्न निघालं की धुऊन, खुंट्याला आंब्याची पानं बांधून, सवाष्णी त्यावर हळद दळतात. टाकी लावणारा आता येत नाही, तळी कधीच गुळगुळीत झालेली. हळकुंडं नीट भरडलीही जात नाहीत. अंगाला लावायची हळद पुडीतून येते.