खंभातच्या काठचे साक्षीदार : सस्तन प्राण्यांचे जीवाश्म आणि वर्गीकरणाची कसोटी

दादरा आणि नगर हवेलीत दमणगंगेच्या पात्रात उघडा पडलेला काळा कातळ हा दख्खनच्या ज्वालामुखीचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि आजच्या महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्यांनी व्यापला. वितळलेल्या खडकात प्राण्यांचे अवशेष टिकत नाहीत. त्यामुळे सिल्वासाच्या परिसरातील बेसाल्टमध्ये सस्तन प्राण्यांचे सांगाडे शोधणे व्यर्थ होय. मात्र याच कातळाची कड ओलांडून उत्तरेला सुरत जिल्ह्यात गेले की लिग्नाइटच्या खाणी लागतात. त्या खाणींतील मातीच्या थरांनी गेल्या दोन दशकांत घोडा, गेंडा, वटवाघूळ, ससा आणि माकड यांच्या कुळकथेची काही पाने नव्याने लिहावयास लावली आहेत.

वर्गीकरण आणि उत्क्रांती

स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनियस याने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत पिलांना दूध पाजणाऱ्या प्राण्यांचा 'ममालिया' हा वर्ग स्थिर केला आणि देवमाशालाही त्यात स्थान दिले. त्याच्या दृष्टीने वर्गीकरण म्हणजे साम्यावरून केलेली मांडणी होती. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाल्यानंतर या मांडणीचा अर्थ पालटला. दोन प्राणी एका गणात ठेवणे म्हणजे त्यांचा पूर्वज एक होता असे विधान करणे, असे मानले जाऊ लागले. वर्गीकरण हे अशा रीतीने वंशावळीचे विधान झाले, आणि विधान म्हटले की त्याला पुरावा हवा. असा पुरावा दोन ठिकाणी सापडतो : जिवंत प्राण्यांच्या डीएनएमध्ये आणि मृतांच्या अस्थींमध्ये. डीएनए आजच्या प्राण्यांचे नाते सांगतो. परंतु निर्वंश झालेली शाखा कशी होती, कोठे होती आणि केव्हा होती, हे केवळ जीवाश्मच सांगू शकतात.

सस्तन प्राण्याचा जीवाश्म म्हणजे बहुतेक वेळा एखादा दात. दातावरील लुकण हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असल्यामुळे तो टिकतो. शिवाय दाढेवरील उंचवट्यांची मांडणी प्रत्येक गटात निराळी असते. म्हणून एका दाढेवरून प्राण्याचे कुल ओळखण्याची परंपरा पडली. हीच परंपरा कधी कधी संशोधकांना चकवते, हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

लाव्हाच्या दोन थरांमध्ये

लाव्हाच्या एका लोटानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ जात असे. त्या अवधीत तळी साचत, गाळ बसत असे आणि जीवसृष्टी पुन्हा नांदू लागत असे. अशा आंतरथरांतील जीवाश्म गोळा करणाऱ्या आद्य अभ्यासकांत नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव घेतले जाते. तेलंगणातील नसकाल येथील अशाच थरातून मिळालेल्या सूक्ष्म दातांवरून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ साली भारतातील पहिला क्रिटेशस कालीन सस्तन प्राणी जाहीर केला. त्याचे नाव 'डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी', म्हणजे 'हिस्लॉपचा दख्खनी चोर'. प्राणी चिचुंदरीएवढा, पण त्याच्या स्थानाविषयीचा वाद मोठा. पुढे मिळालेल्या घोट्याच्या आणि कोपराच्या हाडांवरून तो झाडावर चढणारा होता असे दिसले. काहींनी त्याला प्रायमेट गणाच्या जवळच्या शाखेत बसवले. २०११ सालच्या एका विश्लेषणाने मात्र त्याला अपरायुक्त सस्तन प्राण्यांच्या बुंध्याशी, सर्व आधुनिक गणांच्या बाहेर ठेवले.

त्याच काळच्या आणखी एका प्राण्याला तर २००७ या एकाच वर्षी दोन स्वतंत्र संशोधकगटांनी दोन नावे दिली : 'भारतथेरियम' आणि 'दक्षिणा'. दोन्ही नावे एकाच प्राण्याची असल्याचे पुढे मान्य झाले आणि नियमानुसार आधीचे 'भारतथेरियम' कायम राहिले. या प्राण्याचे आप्त मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात. भारत कधी काळी गोंडवन या दक्षिणेकडील महाखंडाचा भाग होता, या निष्कर्षाला दातांनी दिलेला हा दुजोरा होय.

वस्तानची खाण

सुरतेच्या ईशान्येस मांगरोळ तालुक्यात वस्तान येथे लिग्नाइटची उघडी खाण आहे. लिग्नाइटच्या पट्ट्यांदरम्यान असलेल्या मातकट थरांचे वय सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षे मानले जाते. त्या काळाला भूवैज्ञानिक आदिनूतन किंवा इओसीन म्हणतात. तेव्हा येथे समुद्रकाठची दलदल आणि उष्ण प्रदेशातील दाट अरण्य होते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे केनेथ रोझ आणि गढवाल विद्यापीठाचे राजेंद्रसिंह राणा यांनी आधी राजस्थानात शोध घेतला होता. तेथे फारसे काही हाती लागले नाही. त्यानंतर राणा वस्तानच्या खाणीकडे वळले. २००४ साली संघ तेथे परतला, तेव्हा बेल्जियमचे थिएरी स्मिथ यांना सस्तन प्राण्यांचे पहिले जीवाश्म मिळाले. पंजाब विद्यापीठाचे अशोक साहनी आणि डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे किशोर कुमार या कामात सहभागी होते. आयआयटी रुडकीचे सुनील बाजपेयी आणि त्यांचे सहकारी याच खाणीवर स्वतंत्रपणे काम करीत होते.

या थरांतून वटवाघळांच्या सात जाती २००७ साली एकदम नोंदवल्या गेल्या. त्यानंतरच्या वर्षी सुमारे ५ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या सशाच्या गटातील प्राण्याची घोट्याची हाडे प्रसिद्ध झाली. आदिम प्रायमेटांचे जबडे आणि हातापायांची हाडेही मिळाली. त्यांपैकी 'अँथ्रासिमिआस गुजरातेन्सिस' हा आशियातील सर्वांत जुना वानरसदृश प्राणी असल्याचा दावा २००८ साली करण्यात आला. दुसऱ्या गटाने मात्र तो आधीच वर्णिलेल्या 'मार्कगोडिनोटियस' या लेमूरसदृश प्रजातीहून वेगळा नसल्याचे मत मांडले. दातांवरून उभा केलेला निष्कर्ष किती सावधपणे घ्यावा, याचे हे उदाहरण आहे.

एक प्राणी, दोन नावे

वस्तानचा सर्वांत महत्त्वाचा रहिवासी म्हणजे 'कँबेथेरियम'. खंभातच्या इंग्रजी नावावरून बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हे नामकरण केले. प्राणी साधारण शेळी-मेंढीच्या आकाराचा होता. पुढच्याच वर्षी रोझ यांच्या गटाने त्याच खाणीतील अवशेषांना 'इंडोब्यून' असे नाव दिले. प्रश्न केवळ नावाचा नव्हता. एका गटाने हा प्राणी घोडा, गेंडा आणि टॅपिर यांच्या विषमखुरी गणाकडे झुकलेला मानला. दुसऱ्याने त्याला अँथ्राकोब्यूनिड कुलात ठेवले. हे कुल त्या वेळी हत्ती आणि सागरगाय यांच्या नात्यातले समजले जाई. म्हणजे एकाच खाणीतला एकच प्राणी कागदावर कधी घोड्याचा, तर कधी हत्तीचा भाऊबंद ठरत होता.

गोंधळाचे मूळ दाढेत होते. मऊ पाला चघळणाऱ्या निरनिराळ्या वंशांच्या प्राण्यांत दाढेवर सारखेच गोलसर उंचवटे स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकतात. समान गरजेतून आलेले हे साम्य रक्ताच्या नात्याचा पुरावा नसते. निवाडा करण्यासाठी दातांबरोबर बाकीचा सांगाडाही हवा होता, आणि तो खाणीतून वर्षानुवर्षे थोडा थोडा मिळत गेला. कण्याच्या त्रिक भागातील मणक्यांची संख्या, हातापायांच्या हाडांची ठेवण आणि दातांची रचना यांत कँबेथेरियम हा जुन्या आदिम खूरधारी प्राण्यांच्या आणि खऱ्या विषमखुरींच्या मधोमध पडतो, असे दिसून आले.

रोझ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच वर्षी लिसा कूपर आणि सहकाऱ्यांनी भारत-पाकिस्तानातील अँथ्राकोब्यूनिड कुलाची पुन्हा तपासणी केली आणि हे सारे कुलच हत्तीच्या फांदीवरून उचलून विषमखुरींच्या बुंध्याशी आणले. ज्या 'अँथ्राकोब्यून' प्रजातीवरून या कुलाला नाव मिळाले, तिचे वर्णन गाय पिलग्रिम यांनी १९४० साली केले होते. तिला योग्य घर मिळण्यास जवळजवळ पाऊण शतक लागले. २०२० साली रोझ यांच्या गटाने साडेतीनशेहून अधिक जीवाश्मांच्या आधारे कँबेथेरियमचा सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. 'इंडोब्यून' हे नाव आता त्याचेच पर्यायी नाव म्हणून उरले आहे.

पूर्वज नव्हे, चुलत भावंड

वृत्तपत्रांत कँबेथेरियमचा उल्लेख 'घोड्याचा पूर्वज' असा झाला होता. तो तितकासा बरोबर नाही. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेत खरे विषमखुरी प्राणी सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच दिसू लागतात. वस्तानचे थर त्यानंतरचे आहेत. पणतू आधी आणि पणजोबा नंतर, असे होऊ शकत नाही. कँबेथेरियम हे मूळ घराण्यातून आधीच वेगळ्या झालेल्या शाखेचे, जुनी वैशिष्ट्ये जपून राहिलेले भावंड होय. म्हणूनच ते मोलाचे आहे. घोडा आणि गेंडा यांचा समान पूर्वज कसा असावा, याची कल्पना त्याच्यावरून करता येते.

अशी आदिम शाखा भारतीय उपखंडातच का सापडावी, या प्रश्नाशी दुसरा मोठा प्रश्न जोडलेला आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटलेला भारत उत्तरेकडे सरकत सरकत ५ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास आशियाला भिडला. या प्रवासात त्याच्यावर काही नवे गण घडले आणि जोडणी होताच ते उत्तरेकडे पसरले, अशी कल्पना डेव्हिड क्रॉस आणि मेरी मास यांनी १९९० साली मांडली होती. वस्तानचे जीवाश्म तिला बळ देतात, परंतु ती सिद्ध करीत नाहीत. याच खाणीतील अनेक प्राण्यांचे जवळचे नातेवाईक युरोपात सापडतात. तेव्हा काही प्राणी बाहेरून येथे आले असण्याचीही शक्यता आहे. निर्णायक पुरावा आणखी जुन्या, भारत बेट असतानाच्या थरांतून यावा लागेल. तेथील सस्तन प्राण्यांचे अवशेष अजून फार थोडे आहेत.

घोट्याच्या हाडाची साक्ष

जीवाश्मांनी वर्गीकरण बदलल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण देवमाशाचे आहे, आणि त्याचाही एक धागा गुजरातेत आहे. कच्छमधील आदिनूतन कालीन देवमाशांचे वर्णन अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७० च्या दशकात केले. पुढे बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी त्यांत भर घातली. कँबेथेरियमच्या 'थेविसाय' या जातीचे नाव याच थेविसन यांच्यावरून पडले आहे. देवमासा समखुरी गणाचा, त्यातही पाणघोड्याच्या जवळचा, असे डीएनएचे म्हणणे होते. दातांवरून निष्कर्ष काढणाऱ्यांना ते पटत नव्हते. २००१ साली पाकिस्तानातील पायधारी देवमाशांचे घोट्याचे हाड हाती आले. त्याला वर-खाली दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच होती. अशी खाच गाय, हरीण, डुक्कर या समखुरींखेरीज कोणात आढळत नाही. वाद जवळजवळ तेथेच मिटला.

उरलेला दुवा जम्मूतील कालाकोटच्या दगडांत होता. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेले ते दगड त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने थेविसन यांच्या हवाली केले. त्यांतील 'इंडोहायस' या हरणासारख्या छोट्या प्राण्याच्या कवटीत कानाचे जे जाड हाड दिसले, ते देवमाशाची खूण मानले जाते. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. देवमाशाचे सर्वांत जवळचे निर्वंश आप्त हरणासारखे छोटे, उथळ पाण्यात वावरणारे प्राणी होते, असे आता मानले जाते.

पिरमपासून आजपर्यंत

खंभातच्या आखाताला हे नवे नाही. भावनगर जिल्ह्यातील पिरम बेटावर १८३६ सालापासून मायोसीन काळातील अस्थी मिळू लागल्या. ह्यू फॉल्कनर यांनी १८४५ साली तेथील जिराफकुलीन प्राण्याला ब्रह्मदेवाच्या नावावरून 'ब्रामाथेरियम' असे नाव दिले. महाराष्ट्रातही गोदावरीच्या गाळात नांदूर मधमेश्वर येथे प्राचीन हत्तीची कवटी मिळाली आणि पिलग्रिम यांनी १९०५ साली तिची नोंद केली.

या पुराव्यापुढील खरी अडचण आजची आहे. वस्तानसारखी खाण इंधनासाठी खणली जाते. जीवाश्मांचा थर उघडा पडतो आणि यंत्रे पुढे सरकली की तो नाहीसा होतो. त्या मधल्या दिवसांत कोणी वाकून पाहिले नाही, तर दाढ लिग्नाइटबरोबर भट्टीत जाते. खाणचालक आणि संशोधक यांच्यात समन्वय असला तरच हा पुरावा वाचतो.

दुसरी अडचण वर्गातली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या सुधारित विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याचे २०२३ साली समोर आले. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे शीर्षक 'आनुवंशिकता' एवढेच उरले. त्याविरुद्धच्या पत्रकावर अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि नागरिकांनी सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे. परंतु दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत तो पोहोचत नाही. घोडा आणि गेंडा एका घराण्याचे कसे, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग दादऱ्याहून काही तासांच्या अंतरावरील खाणीत सापडला आहे. ते उत्तर वाचण्याइतकी ओळख येथील मुलांना शाळेतच व्हावयास हवी.